मुदत संपलेली बटणं

आमच्या बटणांच्या दुकानात एकाही खणावर नंबर लिहिलेला नव्हता. एक अख्खी भिंत लाकडी खणांची, आडवे बारा आणि उभे बारा, आणि प्रत्येक खणावर आतलं एक बटण नमुन्यादाखल दोऱ्याने बांधलेलं. सासऱ्यांनी नियम घालून दिला होता. खालून ओळ मोजायची, डावीकडून खण मोजायचा आणि पत्ता तोंडाने सांगायचा. तीन-चार म्हणजे खालून तिसरी ओळ, डावीकडून चौथा खण. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात कोणी "मीठ कुठे आहे?" विचारलं तरी उत्तर "दोन-एक" असं यायचं, कारण स्वयंपाकघरातल्या फळ्यांनाही सासऱ्यांनी तोच हिशेब लावला होता.

हळूहळू ती घराची बोलीच होऊन गेली. बारा-एकमध्ये काळी, चकाकी नसलेली, दुखवट्याच्या कपड्यांना लावायची बटणं असत. कोणी तोंड पाडून बसलं की हे म्हणायचे, "आज हिचा बारा-एक झालाय." पाच-नऊमधली रंगीबेरंगी बटणं लहान मुलांच्या झबल्यांची, म्हणून हसरं माणूस पाच-नऊ. आणि सात-दोन म्हणजे शिंपल्याची बटणं, पांढरी, तिरकी धरली की आतून गुलाबी-हिरवी झळकणारी. त्याहून वरची पदवी आमच्या घरात नव्हती. मला बघून परत जाताना ह्यांनी वन्संच्या कानात "सात-दोन" एवढंच म्हटलं होतं. ते मला वन्संनी सांगितलं, तेही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. भावाची गुपितं त्या अशा जपून जपून खर्च करत.

वन्सं म्हणजे माझी नणंद. अख्खी गल्ली त्यांना बटणआत्या म्हणते. दुकान त्यांनी सांभाळलं. हे नोकरी करून संध्याकाळी मदतीला यायचे, मी दुपारची बसायचे, पण शिडीवर सरसर चढून न बघता हवा तो खण ओढणाऱ्या त्याच. अलीकडे मात्र त्यांचा गुडघा शिडीला दाद देईना. त्यात दोन गल्ल्या पलीकडे रस्त्यावरच एक जागा मिळाली, बुटकी पण ऐसपैस. सुतार म्हणाला, भिंतीचे दोन भाग करतो. खालच्या सहा ओळी एका बाजूला, वरच्या सहा शेजारी. शिडी नको, पत्ते तेच.

हे सगळं जुळवून आणलं माझ्या सुनेने. ती आमच्याकडे आली तीच मुळी बटण शोधत. कोटाचं एक बटण हरवलं होतं. गल्ल्यावर नेमका माझा मुलगा होता, आणि त्याला आयुष्यात कधी तीन-चार आणि चार-तीन यांतला फरक कळलेला नाही. ती तीनदा आली. तिसऱ्यांदा बटण सापडलं, पण तोवर दोघांनाही ते सापडायला नको होतं. पुढे तिचं ऑफिस बंद पडलं तेव्हा तिने दुसरं शोधलं नाही. "मला दुकान चालवायचंय," म्हणाली.

वन्संनी चष्मा कपाळावर चढवला. "चालवायचं म्हणजे काय? ते काय सायकल आहे?"

"शिकेन ना, आत्या."

"मला शिकायला तीस वर्षं लागली. तेवढी मी थांबणार नाही." मग जरा विचार करून म्हणाल्या, "हे बघ. नवीन जागा उघडेल त्या दिवशी मी गिऱ्हाईक म्हणून येईन. एक बटण मागेन. मी छत्री मिटेपर्यंत त्याचा जबाब मिळाला, तर दुकान तुझं. नाहीतर सगळा माल त्या घाऊकवाल्याला देऊन टाकते आणि घरी बसून गुलाब लावते."

"वन्सं, तुम्ही लावलेला पुदिनासुद्धा जगत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच गुलाब. त्याला काटे असतात, तो माझ्याशी जुळवून घेईल."

हसण्यावारी नेलं आम्ही, पण वन्सं खोटं बोलत नव्हत्या. घाऊकवाला येऊन भिंत पाहून गेला होता. सुनेचा चेहरा मी पाहिला. तिला ते दुकान हवं होतं, लहान मुलाला दुकानातली वस्तू हवी असते तसं, मागता न येता.

आता ह्यांची फाइल. ह्यांनी निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात सगळ्या खणांची माहिती जुन्या कॉम्प्युटरवर चढवून ठेवली होती. एका ओळीत एक बटण. आधी खणाचा पत्ता, मग बटणाचा क्रमांक, मग माप, मग किती उरली ते. क्रमांकाची गंमत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. पुढे एक शून्य असलं की बटणाला दोन भोकं, दोन शून्यं असली की चार भोकं, आणि शून्य नसलं की मागे कडी. हे टाइप करायचे तेव्हा मी शेजारी लोकर विणत बसायचे. शून्य दाबताना ते नेहमी मोठ्याने "शून्य" म्हणायचे. घरभर संध्याकाळी शून्य, शून्य, बेचाळीस.

सुनेने ती फाइल आपल्या कॉम्प्युटरवर घेतली, तिच्यावर दोनदा टिचकी मारली आणि समोर सुरेख तक्ता उघडला. ती खूश झाली. त्याच तक्त्यावरून तिने चिकटपट्ट्या छापल्या, एका बटणाला एक. त्याच तक्त्यावरून संपलेल्या दोन भोकांच्या शिंपल्याच्या बटणांची मागणी कारखान्याला पाठवली. आणि ती सुताराकडे नव्या जागेचं माप द्यायला पळाली, कारण सुतार फोन उचलत नसे आणि उचलला तर "आलोच" म्हणून ठेवून देत असे.

पट्ट्या चिकटवायचं काम आम्हा दोघींकडे आलं. खण काढायचा, बटणं कापडी पिशवीत ओतायची, नमुन्याचं बटणही त्यात टाकायचं, वर पट्टी चिकटवायची आणि रिकामा खण घासायला ठेवायचा. सुताराला सगळ्या खणांवर रंधा मारायचा होता. पट्ट्या ओळीने छापलेल्या, खण ओळीने काढायचे. चुकायला जागा नव्हती.

पहिलाच खण, एक-एक. वन्संनी पट्टी डोळ्यांजवळ धरली.

"वहिनी, यावर तारीख आहे. एक जानेवारी."

"कसली तारीख?"

"मला काय ठाऊक? यात कोणती आहेत? दुधाची ना?"

दुधाची बटणं खरंच असतात. पूर्वी दुधाचं सत्त्व काढून, वाळवून, कापून बटणं करत. दिसतात हस्तिदंतासारखी. पण फार जुनी झाली की पिवळी पडतात, तडकतात. एक-एकमध्ये तीच होती.

"मग बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. "दुधाची म्हटल्यावर मुदत असणारच. हल्ली पावावर असते, औषधावर असते. बघ, भावाने तेही लिहून ठेवलं होतं. किती बारकाईचा माणूस!"

मलाही ते पटलं. ह्यांचं कौतुक कोणी केलं की मला ते लवकर पटतं.

पुढच्या पट्टीवर एक फेब्रुवारी. मग एक मार्च. अशी ती ओळ डिसेंबरपर्यंत गेली आणि वरची ओळ पुन्हा दोन जानेवारीला सुरू झाली. तो मे महिन्याचा पहिलाच दिवस. वन्संचा हिशेब साधा होता. ज्यांची तारीख उलटून गेली ती बटणं नासली, ती वेगळ्या खोक्यात. काम संपलं तेव्हा मागच्या दाराशी खोक्यांची चळत लागली होती. मग त्यांनी मोकळ्या झालेल्या भिंतीकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"बघितलंस? सगळी डाव्या बाजूचीच गेली! प्रत्येक ओळीतले पहिले चार खण. त्या बाजूला ओल आहे, ओल. मी वर्षानुवर्षं ओरडतेय, कोणी ऐकलं का?"

ओलीचा तो वाद ह्यांच्या वेळचा. वन्संना वाटे भिंत दमट आहे, ह्यांना वाटे वन्संचं डोकं. आज भिंतीने बहिणीची बाजू घेतली म्हणून त्या इतक्या आनंदात होत्या की पितळेची बटणं कधीपासून नासायला लागली, हा प्रश्न आम्हाला दोघींनाही पडला नाही.

शनिवारी शाळेतल्या हस्तकलेच्या बाई हातगाडी घेऊन आल्या. वन्संनीच त्यांना निरोप धाडला होता. मुदत संपलेली असली तरी मुलांना चिकटवकामाला चालतील म्हणून. बाईंनी खोकी गाडीवर रचायला घेतली. तेवढ्यात पुढच्या दाराने टपालवाला एक खोकं देऊन गेला आणि सून आलीच. तिने खोकं उघडलं आणि तशीच उभी राहिली.

आत एकच बटण होतं. पांढरंशुभ्र, दोन भोकांचं, चहाच्या बशीएवढं.

सोबत कारखान्याची चिठ्ठी होती. सुनेने ती मोठ्याने वाचली. "तुमच्या मागणीप्रमाणे एकशे पंधरा मिलिमीटरचा एक नमुना पाठवत आहोत. एवढा जाड शिंपला समुद्रात मिळाला नाही, म्हणून राळेचा केला आहे. पसंत असल्यास बाकीची करायला घेऊ. कृपया कोट कोणासाठी आहे हे कळवावे, आमच्याकडे पैजा लागल्या आहेत."

वन्संनी ते बटण छातीशी धरून पाहिलं. "मला जरा मोठं होतंय."

सुनेला हसू आलं नाही. ती कॉम्प्युटरकडे धावली. "आई, ही बटणं केवढी होती हो? सात-दोनमधली?"

"साडेअकरा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"बाबांनी टिंबाऐवजी स्वल्पविराम दिलाय, अकरा स्वल्पविराम पाच. आणि याने तो स्वल्पविराम..." ती थांबली. "गिळून टाकला. एकशे पंधरा करून टाकलं." मग तिची नजर शेजारच्या रकान्यावर गेली. "आणि हे काय? सात फेब्रुवारी?"

"मुदत," वन्सं म्हणाल्या.

"कसली मुदत?"

"बटणांची. आम्ही सगळी नासकी वेगळी काढली. चिंता करू नकोस."

सून आमच्याकडे वळली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आत्या, वेगळी काढली म्हणजे कुठे आहेत?"

मागून हातगाडीचं चाक करकरलं.

इतक्या वर्षांत मी सुनेला असं धावताना पाहिलं नव्हतं. ती मागच्या दाराने गेली ती थेट गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"बाई, थांबा! ही परत द्या!"

"का?" बाईंनी गाडीची मूठ सोडली नाही. "आत्याबाईंनी दिलीत. दिलेलं कधी परत घेतात का?"

"यांची मुदत संपलेली नाही. बटणांना मुदत नसते. या तारखाच नाहीत, खणांचे पत्ते आहेत!"

"तारीख तर स्पष्ट दिसतेय. तीन एप्रिल."

"तीन-चार! खालून तिसरी ओळ, चौथा खण! मधली आडवी रेघ पाहून कॉम्प्युटरला ती तारीख वाटली, आणि त्याने कोणाला न विचारता बदलून टाकली."

बाई शाळेतल्या. त्यांना हे समजलं, पण त्यांना मुलांसाठी बटणंही हवी होती. "मी अख्ख्या वर्गाला सांगून बसलेय," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हाताने गेले तर मुलं माझीच बटणं तोडतील."

तेव्हा वन्सं पुढे झाल्या. त्यांचा चेहरा चांगलाच बारा-एक झाला होता. पण त्या आत गेल्या आणि गल्ल्याखालची मोठी पत्र्याची पेटी ओढत घेऊन आल्या. तीत एकेकटी बटणं होती, ज्यांची जोडीदार उरली नाहीत अशी. माझ्या लग्नाआधीपासून साठवलेली. वेळी-अवेळी ती उपसत बसायचा वन्संना नाद होता.

"ही न्या. यांना कोणी विचारत नाही, मुलं विचारतील," वन्सं म्हणाल्या. बाईंनी आत हात घालून मूठभर वर काढली, उन्हात धरली आणि त्यांचा चेहरा असा काही पाच-नऊ झाला की खोकी उतरवायला त्यांनीच मदत केली.

बाई गेल्यावर वन्सं पायरीवर बसल्या. "म्हणजे ओल नाहीच?"

"नाही, आत्या. दरवेळी दुसरा आकडा महिना झाला. पहिले चार खण म्हणजे जानेवारी ते एप्रिल."

"जरासुद्धा नाही?"

"हात लावून बघा. भिंत कोरडी ठणठणीत आहे."

वन्संनी हात लावायला नकार दिला. काही मतं माणसाने शेवटपर्यंत सांभाळायची असतात.

त्या दुपारी सुनेने मला शेजारी बसवून घेतलं. खरं तर तिला धीर हवा होता. उघडायला दोनच दिवस राहिले होते. "आई, मीच बिघडवलं सगळं," म्हणाली.

"फाइल बिघडली का?"

"नाही. फाइल आहे तशीच आहे. मी ती दार ढकलून आत शिरावं तशी उघडली, एवढंच."

मग तिने दार वाजवून उघडली. आधी कोरा तक्ता घेतला आणि त्याच्या आतून फाइल बोलावली. समोर एक खिडकी आली आणि ती एकेका रकान्याबद्दल विचारू लागली. हा काय आहे? आकडा, तारीख, की नुसता मजकूर? मला ती खिडकी फार सभ्य वाटली. आधी जे झालं ते न विचारता झालं होतं.

"पत्त्याचा रकाना मजकूर," सून म्हणाली. "यातलं काही मोजायचं नाही, काही बदलायचं नाही. दिसतं तसं ठेवायचं."

"आणि क्रमांक?"

"तोही मजकूर. आकडा म्हटलं की हा पुढची शून्यं टाकून देतो. त्याला वाटतं पुढच्या शून्याला किंमत नाही."

"तुझ्या सासऱ्यांना विचार किंमत," मी म्हटलं. तेव्हा कुठे ती हसली.

"माप मात्र आकडाच हवा, लहान-मोठं लावायचंय. फक्त याला सांगायचं की स्वल्पविराम म्हणजे इथे दशांशाची खूण. आणि किती उरली, तोही आकडा."

तिने बटण दाबलं. तक्ता भरला. सात-दोन, शून्य बेचाळीस, साडेअकरा. खाली दोन शून्यं बेचाळीस. त्याखाली नुसतं बेचाळीस. आधीच्या तक्त्यात तिघंही एकाच तोंडवळ्याची भावंडं होऊन बसली होती. मी पडद्यावरच्या त्या शून्याला बोट लावलं. ह्यांचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला, आणि विणकामाच्या सुयांचाही. माझे डोळे भरले, पण ते सुनेला कळू नये म्हणून मी चहा ठेवायला उठले. ती आपली नव्या पट्ट्या छापत होती.

पट्ट्या पुन्हा चिकटवल्या आम्ही. जिथे सात फेब्रुवारी तिथे सात-दोन, जिथे तीन एप्रिल तिथे तीन-चार. वन्सं प्रत्येक पट्टी आधी वाचून दाखवायच्या आणि मग चिकटवायच्या. सुनेने कारखान्याला फोन करून माप दुरुस्त केलं. सुतार एकदाचा "आलोच" म्हणून खरंच आला. सोमवारी सकाळी भिंतीचे दोन्ही भाग शेजारी शेजारी उभे होते आणि खण पॉलिशने चमकत होते. सुनेने प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच पत्ता रंगवला होता. मला ते आधी डोळ्यांत खुपलं, नंतर आवडलं.

वन्सं आल्या त्या उन्हाची छत्री उघडी घेऊनच. दारात थांबल्या. मला ओळख दाखवली नाही. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक.

"शिंपल्याची बटणं हवीत. पांढरी, दोन भोकांची. माप साडेअकरा." आणि लगेच छत्रीच्या दांड्यावर हात.

सात-दोन! तो खण तर रिकामा. माल संपला म्हणून तर मागवला होता, आणि कारखान्याकडून आलं काय, तर बशी. वन्संना हे ठाऊक होतं. नसलेलं बटण मागायला आल्या होत्या त्या! सुनेने आता घाबरून खण उपसायला घेतले की संपलं.

सुनेने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. तक्त्यावर एक नजर टाकली.

"सात-दोन," ती म्हणाली. "संपलीत. गुरुवारी येतील, आणि या वेळी साडेअकराचीच येतील. तोवर आमच्याकडे त्या जातीचं हे एकच आहे." गल्ल्याखालून तिने ते बशीएवढं बटण काढलं आणि वन्संच्या हातात ठेवलं.

छत्री अजून अर्धीच मिटली होती.

वन्सं बटणाकडे पाहत राहिल्या. "मी पहिल्या दिवशी बाबांसमोर उभी होते," त्या म्हणाल्या. "एकाने असंच न उरलेलं बटण मागितलं. मी पंधरा खण उपसले. बाबा म्हणाले, असलेलं तर कोणीही शोधेल, नसलेलं ज्याला न शोधता माहीत, त्याच्या हातात किल्ली द्यावी." मग कमरेचा जुडगा सोडून त्यांनी गल्ल्यावर ठेवला. सुनेने तो उचलला नाही, आधी वाकून त्यांना मिठीच मारली. मधे छत्री होती, ती पुरती मोडली.

"सोड, सोड. गिऱ्हाइकाशी असं वागतात का?" वन्सं म्हणाल्या. "आणि हे बटण कोणत्या कोटाला लावू मी?"

"दुकानाला लावा," मी म्हटलं.

गुलाबांचा विषय पुन्हा निघाला नाही. सुतार अजून दारातच हत्यारं आवरत होता. त्याने ते बटण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, शिडीवर चढला आणि दाराच्या वर लावून टाकलं. रस्त्याच्या त्या टोकापासून दिसतं. मोडकी छत्री घेऊन घरी परतताना वन्संनी मागे वळून एकदा बटणाकडे आणि एकदा काचेआडच्या सुनेकडे पाहिलं. मग माझा हात धरून कानाशी वाकल्या आणि भावासारखंच, एवढंच म्हणाल्या, "सात-दोन."

सुतार मात्र अजून सांगतो की आयुष्यात इतक्या सोप्या पाटीचं काम त्याला मिळालं नव्हतं. खिळ्यांसाठी भोकं पाडायचीच नव्हती.